उतरण कुणी नेली

क्वारी टॉप यार्डाच्या भिंतीपलीकडून सुरांची ती ओळ ऐकू आली तेव्हा केझायाच्या हातात अळूच्या पानांची जुडी होती. मावशीने, टँटी आयोनाने, कलालूच्या कालवणासाठी मागवलेली. ओळ संपली तरी केझाया जुडी छातीशी धरून रस्त्यातच उभी. मागून मॅक्सी-टॅक्सी आली, भोंगा वाजला, ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "बाई, फोटो काढायचाय की जायचंय?" तेव्हा कुठे ती कडेला सरकली.

भिंतीपलीकडे कुणीतरी ती ओळ पुन्हा वाजवली. एकटंच पॅन होतं, तेलाच्या पिंपातून घडवलेलं वाद्य, चाचपडत चाललेलं, नवी गोष्ट हातात बसवताना चालतं तसं. पण ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. वरच्या सुरावरून निघायचं, पॅनवर गोल मांडलेल्या सगळ्या सुरांना प्रदक्षिणा घालत खाली यायचं, खाली आल्यावर श्वास अडकल्यासारखं थांबायचं, आणि मग कुणाला वाटणार नाही अशा जागेवरून उसळी घ्यायची. आपलं मूल परक्याच्या कडेवर बघावं तसं तिला झालं.

ही उतरण तिची होती, तिने बांधलेल्या गाण्याचा शेवट. नाताळच्या आधी भांडी घासताना सुचलेली. साबणाच्या हातानेच तिने ती ओट्यावर वाजवून पाहिली होती आणि विसरायला नको म्हणून रात्री झोपेपर्यंत गुणगुणत बसली होती. फाउंटन लेनच्या यार्डाबाहेर ती कुणी ऐकली नव्हती. ऐकली नसायला हवी होती.

फाउंटन लेनचं तालमीचं यार्ड लहान. डोंगराच्या उतारावर दोन घरांमधली मोकळी जागा, वर पत्रे, समोर फाटक. तिथे वर्षानुवर्षं गाण्याची बांधणी करणारा माणूस ब्रुकलिनला मुलाकडे गेला आणि तिकडचाच झाला, म्हणून या कार्निव्हलला कॅप्टन ऑसवर्थने ते काम केझायाला दिलं. कालची पोर, त्यातून बाई, अशी कुजबुज झाली. कॅपने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. केझायाने विमा कचेरीतली नोकरी सोडली. त्या दिवसापासून टँटीच्या पहाटेच्या प्रार्थनेत एक मेणबत्ती वाढली. गाणं कार्निव्हलच्या स्पर्धेत पहिल्या फेरीतून पुढे गेलं तर पुढच्या वर्षी आणखी यार्ड बोलावतील, अरेंजर म्हणून नाव होईल. नाही गेलं, तर एका मुलीला दुसरी संधी द्यायला या शहरात कुणी खोळंबलेलं नाही, हे तिला कळत होतं.

आणि पहिल्या फेरीला परीक्षक यार्डायार्डांतून फिरतात. बुधवारी क्वारी टॉप, गुरुवारी फाउंटन लेन. आधी वाजवेल त्याची ओळ. मागून वाजवेल तो चोर.

आज सोमवार होता.

घरापर्यंतची चढण तिने कशी चढली ते तिचं तिला कळलं नाही. डोक्यात एकच हिशेब. यार्डात कुणी कागदावरून वाजवत नाही. अरेंजर वादकांच्या एकेका रांगेला वाजवून दाखवते, बाकीचे कानाने उचलतात. शेवट सगळ्यांत उशिरा शिकवायचा, ही जुनी रीत. शेवट शिकवायला घेतला की फाटक लागतं, बाहेरच्या रोटीच्या गाडीपाशी उगाच रेंगाळणाऱ्यांना कॅप स्वतः जाऊन 'भूक भागली का' असं विचारून येतो, आणि आत येणारा प्रत्येकजण आपला फोन रंगाच्या रिकाम्या बादलीत टाकतो. म्हणजे उतरण यंत्रात बसून बाहेर गेली नव्हती. कुणाच्या तरी डोक्यात बसून गेली होती.

एकदा ऐकून ती जशीच्या तशी डोक्यात ठेवील, असं डोकं यार्डात एकच होतं. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

डॅरिल सीपॉल. दक्षिणेकडचा, पेनालचा. ऊसवाल्यांच्या घरातलं पोर पॅनच्या नादाने राजधानीत आलं, मामाच्या टायरच्या दुकानात दिवसभर चाकं काढायचं आणि संध्याकाळी वरच्या सुरांच्या टेनर पॅनपाशी उभं राहायचं. सगळं यार्ड त्याला 'साउथ' म्हणायचं. केझायाची उतरण त्याने पहिल्यांदा ऐकली आणि दुसऱ्यांदा तिच्याबरोबर वाजवली होती, तेव्हा तीच सगळ्यांना म्हणाली होती, "बघा, याला म्हणतात कान." कार्निव्हल झाल्यावर प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये त्याची वर्णी लागायची होती. बँडवाले कॅपला फोन करून विचारणार होते, पोरगा कसा आहे. दोघांनी मनसुबे रचले होते. त्याने जहाजावर जग बघून यायचं, तिने इथे नाव कमवायचं, मग दोघांनी मिळून स्वतःचा ताफा उभा करायचा.

संध्याकाळी ती यार्डात लवकर जाऊन बसली आणि त्याला येताना बघत राहिली.

तो उशिरा आला. रोजच येत असे, पण आज ते उशिरा येणं वेगळं दिसलं. त्याने फोन बादलीत टाकला आणि हात पँटला पुसले. हात कशाला पुसायचे? तिच्याकडे बघून हसला. रोज इतकं हसतो का हा? बाहेरच्या गाडीवरून आणलेला डबल्सचा, छोले भरलेल्या पुऱ्यांचा पुडा त्याने तिच्यापुढे केला.

"मिरची कमी घालायला सांगितली. काल तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं."

"नको. भूक नाही."

"तुला? भूक नाही?" त्याने पुडा लिंकनकडे वळवला. लिंकन बास वाजवायचा, सहा पिंपांच्या मधोमध उभा राहून. तोंडही त्याचं पिंपाएवढंच. त्याने पुडा घेतला, एक घास तोंडात टाकला आणि कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाला, "काल क्वारी टॉपच्या दारात मामाच्या दुकानाची गाडी उभी होती. मागे टायरचं चित्र. मी म्हटलं, त्यांच्या बासला चाकं बसवतायत की काय."

दोघंतिघं हसले. केझाया हसली नाही.

"काल तू क्वारी टॉपला होतास?" तिने विचारलं.

"होतो. मिस्टर फिट्झना सोडायला. त्यांच्या गाडीचा क्लच गेलाय."

"हातोडीवाला फिट्झ आता ड्रायव्हर ठेवतो म्हणजे," लिंकन म्हणाला. "ट्यूनिंगचे दर वाढले वाटतं."

"तुझी बहीण पण तिथेच वाजवते ना?" केझायाने विचारलं. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही असं तिला वाटलं.

"चुलत बहीण. वाजवते. मग मी काय करू, तिचे हात बांधू?" डॅरिलने काड्या पॅनच्या कडेवर ठेवल्या. "केझ, काय झालंय?"

तिने हे कॅपला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. घरून निघताना तिने तसं ठरवलंही होतं. पण सगळे वाजवायचे थांबले होते आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते, आणि एकदा तोंड उघडलं की शब्द उतारावरच्या गाडीसारखे सुटतात.

"आपली उतरण क्वारी टॉपमध्ये वाजतेय. मी माझ्या कानांनी ऐकली. फाटक बंद, फोन बादलीत. एकदा ऐकून बोटांत बसवील असा या यार्डात एकच आहे, डॅरिल."

 खालच्या गल्लीत कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं तेवढंच ऐकू आलं.

"हेच तू मागच्या आठवड्यात कौतुकाने म्हणाली होतीस," डॅरिल म्हणाला.

"कुंपणानेच शेत खाल्लं तर," लिंकन पुटपुटला, "राखण कुणी करायची."

"मी विकली म्हणतेस?"

"विकली असं मी म्हटलं नाही."

"मग काय, दान केली?" त्याने कॅपकडे बघितलं. कॅप ऑसवर्थ साठीचा माणूस, गोदीत आयुष्य गेलेलं. त्याने मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराची नाही. डॅरिलने ते बघितलं. त्याने बादलीतून स्वतःचा फोन शोधून काढला, आणि मागे फाटक ओढून घेत निघून गेला. आपटलं असतं तर बरं झालं असतं. हळू लावून घेतलं.

"दक्षिणेकडची माणसं," मागून कुणीतरी म्हणालं. केझायाला ते आवडलं नाही, पण तिने नुसत्या काड्या उचलल्या.

पहाटे टँटीची घंटा वाजली. आयोना बाप्टिस्ट मंडळीतली, मोठी नेमाची. डोक्याला पांढरं फडकं गुंडाळून घराच्या चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडायची आणि दुपारपर्यंत अन्नाला शिवायची नाही. शिंपडता शिंपडता ती केझायाच्या खाटेपाशी थांबली.

"डूडू, बाळा, झोपली नाहीस."

केझायाने सगळं सांगितलं. टँटीने लोटा खाली ठेवला.

"त्याला देताना पाहिलंस?"

"नाही."

"त्याला तिथे वाजवताना ऐकलंस?"

"नाही, टँटी. पण दुसरं कोण असणार?"

"ते मला काय ठाऊक. मी कधी पॅन वाजवलं?" टँटीने उशीची सुरकुती हाताने सारखी केली. "तो पोरगा जेवला की स्वतःची ताटली धुऊन ठेवतो. चोर ताटली धुत नाहीत असं नाही म्हणा. तो काय म्हणाला?"

"मिस्टर फिट्झना सोडायला गेलो होतो म्हणाला."

"मग फिट्झ आहे की जिवंत."

इतकी साधी गोष्ट. खोटं असेल तर एका प्रश्नात उघडं पडेल. केझाया उठली, तोंड धुतलं आणि निघाली. खरं सांगायचं तर त्या वाटेवर तिच्या मनात डॅरिल निर्दोष ठरावा असं नव्हतं. काल सगळ्यांसमोर बोललेले शब्द खरे ठरावेत असं होतं.

मिस्टर फिट्झची शेड नाल्याच्या काठी, आंब्याखाली. तेलाच्या पिंपाचं तोंड आत ठोकत ठोकत त्यात सूर घडवायचे, आणि वाजवून वाजवून उतरलेले सूर पुन्हा जागेवर आणायचे, हे त्यांचं काम. शहरातल्या अर्ध्या यार्डांची पॅन त्यांच्या हातून जायची. कार्निव्हलच्या आधी ते या यार्डातून त्या यार्डात फिरत असायचे आणि त्यांच्यासाठी फाटक कधीच बंद होत नसे. डॉक्टर घरात आला म्हणून कुणी तोंडावर पदर ओढत नाही, तसं. फाउंटन लेनमध्ये उतरण बसवत होते तेव्हाही ते मागे कोपऱ्यात एका पॅनवर वाकून बसलेले होते. केझायाला ते आता आठवलंसुद्धा नाही.

"ये, पोरी," ते म्हणाले. मांडीशी एक टेनर होतं, कडेला क्वारी टॉपचा निळा पट्टा. "तुमचं यार्ड परवा. आज यांचं आटपतो."

"मिस्टर फिट्झ, रविवारी तुम्हाला क्वारी टॉपला कोणी सोडलं?"

"त्या टायरवाल्याच्या भाच्याने. का? गाडीला काही झालं का त्याच्या?"

"नाही. तो आत आला होता?"

"कुठला येतोय. मी म्हटलं, ये, सावलीत बस. तर म्हणे, नको, लोक उगाच काहीतरी बोलतील. गाडीतच झोपला, काचा खाली करून." फिट्झ हसले. "घोरत होता. मी जाऊन टपावर हातोडी वाजवली."

 तरी केझायाचं मन हार मानेना. गाडीत झोपला, पण बहिणीला आधी सांगितलं असेल. फोनवर गुणगुणून दाखवलं असेल. संशयाला एक दार बंद केलं की तो खिडकी शोधतो.

"तिथला अरेंजर कोण आहे आता?" तिने विचारलं.

"ट्रेव्हिन म्हणून आहे. तुझ्याच वयाचा. गुणी पोरगा. मी काम करतो तेव्हा माझ्या शेजारी बसून असतो, हातांकडे बघत. बाकीची पोरं फोन बघतात."

बोलता बोलता त्यांनी पॅन उलटं करून खालून दोन ठोके दिले, सुलटं केलं, रबराची काडी घेतली आणि सूर तपासायला लागले. वरून निघाले. गोलाने उतरत आले. एकही सूर न गाळता, प्रदक्षिणा घालत. खाली येऊन थांबले. आणि मग उसळी.

केझायाचा हात शेडच्या खांबावर होता. तो तिथेच राहिला.

त्यांनी एका सुरावर नापसंतीने मान हलवली, ठोका दिला आणि पुन्हा सगळं वाजवलं. तीच उतरण. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"हे कुठलं आहे?" तिने विचारलं.

"काय कुठलं?"

"आत्ता वाजवलंत ते."

"मी?" म्हाताऱ्याने काडीकडे बघितलं. "काही वाजवत होतो का? मी सूर बघतोय, पोरी. गाणं कुठलं." मग जरा ओशाळून, "असेल काहीतरी डोक्यात. हाताला एखादं चांगलं फिरतं सापडलं, सगळे सूर एका फेरीत लागतील असं, की तो सीझनभर तेच घेऊन बसतो. बायको म्हणायची, तुझ्या हाताला उचकी लागते."

त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. लपवलेलं नव्हतं, आणि असतं तर तिने ते आज शोधून काढलं असतं, कारण कालपासून तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. ओळ तिच्या यार्डातून त्यांच्या हातात आली होती, हातातून क्वारी टॉपच्या पॅनवर उतरली होती, आणि शेजारी बसलेल्या ट्रेव्हिनला ती आपल्यालाच सुचली असं वाटलं असणार. कुणीही चोर नव्हतं.

"तुला काही पाहिजे होतं का?" फिट्झनी विचारलं.

"नाही," केझाया म्हणाली. "सहज आले होते."

टायरच्या दुकानात डॅरिल जॅकवर उचललेल्या गाडीखाली वाकला होता. तिला बघून तो उठला नाही.

"डॅरिल, तू नव्हतास. मला कळलं. माझं चुकलं."

"काय कळलं?"

"तू नव्हतास एवढं."

त्याने पाना खाली ठेवला. "काल माहीत नव्हतं, आज माहीत झालं, म्हणून माफी मागायला आलीस. माहीत झालं नसतं तर?"

 मामा आतून डोकावून गेला.

"काल रात्री कॅपचा फोन आला," डॅरिल म्हणाला. "जहाजवाल्यांनी विचारलं तर मी काय सांगू, असं मला विचारतोय. मला. मी म्हटलं, तुम्हाला दिसेल ते सांगा." त्याने हात चिंधीला पुसले. "सगळ्यांसमोर बोललीस ना? मग हेही सगळ्यांसमोर बोल. आणि कोण होतं ते सांग. नाहीतर मी सुटलो असं कुणी मानणार नाही. लिंकन तर मरेपर्यंत नाही."

"कोण ते सांगता येणार नाही."

"मला पण नाही?"

सांगून टाकावं, असं तिच्या जिभेपर्यंत आलं. पण डॅरिल आतून पेटलेला होता. लिंकनने एक टोमणा मारला की याच्या तोंडून नाव निघेल, असं तिला वाटलं. आणि ते एकदा निघालं की म्हाताऱ्याचं काय, ते तिला स्वच्छ दिसत होतं. फिट्झच्या हातोडीबरोबर गाणी फिरतात, असं एका यार्डात कुणी म्हटलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या यार्डांत. त्यांनी मुद्दाम केलं नाही, हे शेपूट वाटेतच गळून पडेल. फाटकं लागतील. सत्तरीच्या माणसाला पुन्हा कुणी कार्निव्हलच्या आधी आत घेणार नाही.

डॅरिल तिच्याकडे बघत होता. तिचं थांबणं त्याने वाचलं.

"म्हणजे अजूनही भरवसा नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा गाडीखाली वाकला.

संध्याकाळी यार्डात डॅरिलच्या पॅनपाशी कुणी उभं नव्हतं. केझाया मधोमध गेली. कॅपला ती म्हणाली, मला बोलायचंय, आणि कॅपने लोखंडावर एक ठोका मारून सगळ्यांना गप्प केलं.

"काल मी डॅरिलचं नाव घेतलं. ते खोटं होतं. त्याने काहीही बाहेर नेलेलं नाही. मला आता खात्री आहे."

"खात्री कशी झाली?" लिंकनने विचारलं.

"झाली."

"मग कोणी नेली?"

"ते मी सांगणार नाही. यार्डातल्या कुणी नेली नाही, एवढं धरा. आणि तो शेवट आपण वाजवायचा नाही. मी दुसरा आणलाय. आज आणि उद्या बसवू."

कुजबुज पत्र्यावरच्या पावसासारखी पसरली. दोन दिवसांत नवा शेवट? इतके दिवस जो पाठ केला तो टाकायचा? कॅपने भुवया वर केल्या. "पोरी, विचार केलायस ना?"

"केलाय, कॅप. आणि जहाजवाल्यांचा फोन आला तर त्यांना सांगा, पोरगा चोख आहे. काही कमीजास्त निघालं तर माझ्या नावावर घाला."

तिने काड्या घेतल्या आणि नवा शेवट वाजवून दाखवला. तो साधा होता. भांडी घासताना सुचलेला नव्हता, दुपारभर घाम गाळून जोडलेला होता, आणि ते ऐकू येत होतं. वाजवत असताना फाटक वाजलं. डॅरिल आत आला, फोन बादलीत टाकला, कुणाशी न बोलता आपल्या पॅनपाशी उभा राहिला. तो कुठून ऐकत उभा होता, कुणास ठाऊक. दुसऱ्यांदा तिने वाजवलं तेव्हा तो तिच्याबरोबर वाजवत होता.

बुधवारी क्वारी टॉपला परीक्षक गेले. गुरुवारी सकाळी रोटीच्या गाडीपाशी तेच बोलणं. ट्रेव्हिनने काय शेवट केलाय, माणसं भिंतीवर चढून ऐकत होती, परीक्षकांपैकी एकाने पाय ठेका धरून हलवला. केझायाने ते ऐकलं, रोटी घेतली, सुट्टे परत घेतले. लोक टाळ्या वाजवत होते त्या तिच्या होत्या, आणि त्यातली एकही तिला मागता येणार नव्हती.

त्या संध्याकाळी परीक्षक फाउंटन लेनच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. यार्डाने जीव ओतून वाजवलं. मधला भाग तर असा रंगला की शेजारच्या बाया खिडक्यांतून माना डोलवायला लागल्या. शेवट नीट गेला, कुठे ठेचकाळला नाही. परीक्षकांनी आभार मानले, पाणी प्यायले आणि गाडीत बसून गेले. निकाल रविवारी होता.

"चांगलं झालं," कॅप म्हणाला. मग केझायाच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत, "पुढच्या वर्षाचं कार्निव्हलनंतर बोलू." डॅरिलला मात्र त्याने सगळ्यांदेखत हाक मारली. "साउथ, जहाजवाले उद्या फोन करतायत. मी सांगणारे, माझा माणूस आहे."

पॅनचे रॅक ढकलून पत्र्याखाली न्यायचे होते. केझायाने टेनरच्या रॅकचं एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला डॅरिल आला. चाक मातीत रुतलं होतं.

"लिंकन काय म्हणतोय, ऐकलंस?" तो हळू आवाजात म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"की तूच ती क्वारी टॉपमधून उचललीस. मग तिकडे कळेल म्हणून घाबरलीस, आणि आधी माझ्यावर ढकललंस, मग शेवट बदललास. सगळं बरोबर जुळतं म्हणे."

केझायाने मनात जुळवून पाहिलं. खरंच बरोबर जुळत होतं.

"खोटं आहे असं तू म्हणत का नाहीस?"

"म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल."

डॅरिलने चाकाला पायाने धक्का दिला. "मग मी काय समजू? मीही तुझ्यावर संशय घेऊ?"

"घे," ती म्हणाली. "बाकीच्यांनी घेतलाय. तुझाही मावेल."

 दोघांनी जोर लावला, चाक सुटलं, रॅक आत गेला. त्याने बादलीतून फोन घेतला, क्षणभर थांबला, तिच्यासाठी थांबला की नुसताच, हे तिला कळलं नाही, आणि मग मामाच्या गाडीकडे गेला. केझायाने काड्या पिशवीत घातल्या. फाटकापाशी लिंकन दोघा पोरांना खालच्या आवाजात काहीतरी सांगत होता. ती जवळ आली तसं त्याने बोलणं थांबवलं, बाजूला सरून तिला वाट दिली, आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत पुन्हा सुरू केलं नाही.